फौजदाराच्या दोन रांगा

वेळ सूर्यास्ताची. ठिकाण नदीकाठचे उंबराचे झाड. फौजदार लांडग्याने शिपायांसह झाडाला वेढा घातला आणि छापा टाकला. गुन्हा कोणता, हे त्याने सांगितले नाही.

ते मी सांगतो, बाळांनो. त्या जंगलात जोडी म्हणजे एक नर आणि एक मादी, असा नियम होता. जे त्या नियमात बसत नसत, ते उंबराखाली जमत आणि बोलून झाले की गुपचूप पांगत. दोन करकोचे होते, दोघेही नर, एकाच घरट्यात राहणारे. दोन साळुंक्या होत्या, एकमेकींवाचून दाणा न टिपणाऱ्या. एका लांडोरीला मोरासारखे नाचावेसे वाटे. आणि एक गोगलगाय होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

लांडग्याने सगळ्यांना हाकत पाणवठ्यावर आणले. चारचौघांत लाज काढली की ही मंडळी पुन्हा तोंड वर करणार नाहीत, असा त्याचा होरा. "नर डावीकडे, मादी उजवीकडे. आटपा," तो गुरगुरला. सगळे मुकाट्याने उभे राहिले. गोगलगाय तेवढी मध्येच थांबली.

"तुला वेगळं सांगायचं का गं?"

"साहेब, मी नरही आहे आणि मादीही. आमच्यात सगळ्या अशाच. कुठं उभी राहू?"

पाणी पिणाऱ्या रानडुकराला ठसका लागला. लांडगा चिडला. "गोगलगाय आणि पोटात पाय! तुमच्यासारख्यांना चांगला ओळखतो मी."

"पोटालाच आहे पाय, साहेब. एकच आहे, आणि तो इथून हलायचा नाही."

"मग माझीही रांग चुकली," म्हणत लांडोर तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. साळुंक्याही आल्या. करकोचे तर फौजदाराच्याच हुकमाने एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे होते. ते ध्यानात येताच लांडग्याने त्यांतल्या एकाला मानेला धरून ओढत नेले.

तेव्हा रानगवा पुढे आला. "या साळुंक्या रोज माझ्या अंगावरचे गोचीड टिपतात. यांनी काय केलंय, ते तरी सांगा." शिपाई मागे सरले आणि बाकीची मंडळी सुटली.

दुसऱ्या दिवसापासून मंडळी उंबराखाली लपली नाहीत. पाणवठ्यावरच ठाण मांडून बसली. गवा बसला, रानडुक्कर बसले, हरणे बसली. जंगलाच्या राजाला, वाघाला, दया आली असे समजू नका. पण तहान वाघालाही लागते, आणि वाट सोडायला कुणी तयार नव्हते. अखेर त्याने दवंडी पिटवली : ज्यांना एकत्र राहायचे, ती जोडी.

त्या संध्याकाळी नेलेला करकोचा मात्र परतला नाही. त्याचा जोडीदार रोज विचारायला जातो. लांडगा म्हणतो, "महाराजांना विचार." महाराज म्हणतात, "फौजदाराला विचार." करकोचा कुठे आहे, हे अजून कुणीही सांगितलेले नाही.

तात्पर्य : ज्यांना लाजवायला चव्हाट्यावर उभे केले, त्यांना पुन्हा लपवता येत नाही; आणि नियम बदलला म्हणून जाब विचारणे थांबवू नये.