खारीच्या खुणा

टेकडीवर माणसांच्या पायवाटा नव्हत्या, त्या काळी तिथे एक खार आपल्या पिल्लासह राहत असे. उन्हाळ्यासाठी बी पुरले की त्यावर ती एक पान खोचून ठेवी. बोरीचे पान असेल, तर पुढचे बी बोरीखाली. तिथे करंजाचे पान, तर त्यापुढचे करंजाखाली. अशी प्रत्येक खूण पुढच्या खुणेपाशी नेई.

हळूहळू खुणा जुळवण्यातच तिला गोडी वाटू लागली. बी काय, नंतरही पुरता येईल, असे म्हणून ती नुसतीच पाने खोचू लागली.

“खारूताई, लेकराला काय पानं वाढणार?” शेजारच्या घुशीने विचारले.

“मावशी, तुमच्या बिळातल्या दाण्यांच्या ढिगात तुम्हाला तरी काही सापडतं का? माझ्याकडे बघा, कुठूनही कुठेही जाता येतं!”

उन्हाळा आला. पुरलेले थोडे बी लवकरच संपले. भुकेल्या पिल्लाला घेऊन खार बोरीखाली गेली, तिथून करंजाखाली, मग आवळ्याखाली. प्रत्येक ठिकाणी तिने माती उकरली; हाती काही लागले नाही.

“आई, या बोरीखाली आपण मघाशीच आलो होतो,” पिल्लू म्हणाले.

खारीने सगळ्या खुणा पहिल्यापासून पुन्हा तपासल्या. एकही चुकलेली नव्हती.