ठकूचा शब्द, बयजाची चूळ

फार फार वर्षांपूर्वी आपल्या होडेगावाला पूल नव्हता, एकच नाव होती. पोटासाठी गाव सोडणारी माणसं भांडीकुंडी नावेत चढवायची आणि कुत्रं-मांजर घाटावर टाकून जायची. मुकी जनावरं पाण्याकडे बघत बसायची, काही तर तिथंच प्राण सोडायची.

हे ठकू नावाच्या एका विधवेला बघवेना. ती घाटावर ठाण मांडून बसली. जाणाऱ्याला विचारायची, "जनावर कुणाच्या पदरात घातलंस?" आळीआळीतल्या बायका तिनं जोडल्या. जनावराला घर देणाऱ्यानं भाकरीचा तुकडा आणायचा, आणि जाणाऱ्यानं जनावराच्या कानात सांगायचं, "आता तू अमक्याचा." एवढा शब्द कानात पडला की जनावर मागं वळूनसुद्धा बघायचं नाही, असं म्हणतात.

गाव ठकूचं नाव घेऊ लागलं आणि तिची जाऊ बयजा, तिच्या पोटात दुखू लागलं! बयजाला मूलबाळ नव्हतं. खंड्या कुत्रा तिनं पिल्लापासून वाढवलेला. पण हा बहाद्दर भाकरी खायचा बयजाची आणि जाऊन लोळायचा ठकूच्या पायाशी.

"खायचं माझं आन् गोडवे तिचे?" बयजाच्या अंगाचा तिळपापड झाला. एक दिवस तिनं रागाच्या भरात खंड्याचा कान धरला आणि ओरडली, "जा मेल्या! आता तू ठकूचा!"

झालं! खंड्या उठला, ठकूच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. बयजानं हाका मारमारून घसा कोरडा केला, पण कुत्रं कान हलवीना. घर खायला उठलं. तिनं ठकूला गाठलं.

"चेटूक केलंस तू! सांग त्याच्या कानात, माझा आहे म्हणून."

"सांगून बघितलं गं," ठकू म्हणाली. "रागानं दिलेलं माझ्या शब्दानं फिरत नाही. तू ये, बस माझ्यासंगं घाटावर."

बयजा बसली. खंड्यासाठी बसली हो, पुण्य लागावं म्हणून नाही! समोर तो ठकूचे पाय चाटायचा आणि हिचा जीव जळायचा. असं वर्ष गेलं.

मग एक म्हातारी लेकीकडे निघाली. तिच्या कडेवर आंधळी मांजर. भाकरी घेऊन कुणीच पुढं येईना. नाव सुटायची वेळ झाली. म्हातारीची आसवं बघून बयजाला राहवेना. तोंडात रोजच्यासारखी ठकूसाठी शिवी आलेली, ती तिनं नदीच्या पाण्यानं चूळ भरून थुंकून टाकली आणि पदरात बांधलेली आपली भाकरी सोडली. "द्या इकडं. माझी म्हणून सांगा तिला."

म्हातारीनं सांगितलं. आणि काय नवल! खंड्या उठला, ठकूला ओलांडून आला आणि बयजाच्या पायावर डोकं ठेवून निजला. त्या क्षणी नदी वाहायची थांबली, असं म्हणतात. बयजा मात्र ढसाढसा रडत होती.

ठकू देवाघरी गेल्यावर घाटावर बयजा बसली. आता पूल झाला, नाव गेली. तरी आजही होडेगावात कुणी जनावर टाकून जात नाही. जाणारा आधी घाटावर चूळ भरतो, ती बयजाची. मग कानात नव्या धन्याचं नाव सांगतो, तो ठकूचा शब्द.

चूळ आधी भरतात, तरी नाव मात्र सगळे आधी ठकूचंच घेतात. बयजा वर बसून अजून त्यावर धुसफुसते, असं म्हणतात. आणि खंड्या तिच्याच पायाशी असतो.