ताकाची विहीर

चैत्र शुद्ध सप्तमी, गुरुवार. आभाळ निरभ्र, वारा अजिबात नव्हता, आणि करवंदवाडीच्या एकुलत्या एका विहिरीत काठोकाठ ताक होतं.

विहिरीचं पाणी मूळचं मचूळ. ते गोड करायला गावाने निळोपंत जादूगारांना सांगितलं होतं. त्यांनी मंत्र म्हटला, पण शेवटच्या ओळीला शिंक आली आणि पाण्याचं ताक झालं. पहिले दोन दिवस गाव खूश होतं. घरोघर कढी झाली. तिसऱ्या दिवशी धुतलेल्या धोतरांना आंबूस वास येऊ लागला. चौथ्या दिवशी वासरांनी ताकाला तोंड लावायचं सोडलं. पाचव्या दिवशी गाव पारावर जमलं.

"निळोपंत, माणूस तुम्ही भले," पाटलीणबाई म्हणाल्या, "पण मागे ढेकूण घालवायला सांगितले, तर ढेकूण गायला लागले!"

"सुरात गात होते हो," निळोपंत हळूच म्हणाले.

"आज सूर्य डोंगराआड जायच्या आत विहिरीत पाणी दिसलं तर ठीक. नाहीतर तुम्ही गाव सोडायचं. हौसा राहील माझ्याकडे."

हौसा आठ वर्षांची होती. ती तान्ही असतानाच आईबाप तापाने गेले, आणि निळोपंतांनी तिला वाढवलं. घरात एक शेळी, एक चूल आणि दोन वाकळा. कधी भाकरी असे, कधी नसे. पण आजोबा नाहीत असा दिवस हौसाने पाहिला नव्हता. पाटलीणबाईंचं बोलणं ऐकून ती उठली आणि देवळामागच्या बागेत जाऊन बसली. रडायचं तर कोणी बघू नये.

जाईच्या मांडवाखाली कोळ्याचं जाळं उन्हात चंदेरी चमकत होतं. त्यात बोटाएवढी एक परी अडकली होती. तिचे मोरपंखी पंख थरथरत होते, इवलासा गुलाबी झगा गुरफटला होता.

"तोड ना जाळं, पटकन!" परी म्हणाली.

"त्याने केवढ्या खटपटीने विणलंय," हौसा म्हणाली. तिने एकेक धागा अलगद सोडवला. परी सुटली, आणि जाळंही शाबूत राहिलं.

परीने गिरकी घेतली. हवेत सोनेरी कण भुरभुरले आणि हौसाच्या तळहातावर चांदीची चिमुकली वाटी आली. "हिच्यात दोन इच्छा आहेत."

"दोनच? गोष्टीतल्या परीकडे तीन असतात."

"मी लहान परी आहे गं," परी ओशाळून म्हणाली. "आणि नियम ऐक. ज्याच्या हाती वाटी, त्याने स्वतःसाठी काही मागायचं नाही. मागितलंच, तर ते शेजारच्याला मिळतं. दुसऱ्याची जादू या वाटीने मोडत नाही. आणि दिवस मावळायच्या आत वाटी परत आणायची."

म्हणजे ताकाचं पाणी करता येणार नव्हतं. हौसाने विचार केला. नवी विहीरच मागितली तर? गावासाठी मागायची, स्वतःसाठी नाही. आजोबांना विचारून जागा ठरवावी म्हणून ती धावत निघाली.

वाटेत गोठ्यापाशी वासरं जिभा काढून उभी होती. हौसा चार पावलं पुढे गेली आणि मागे आली. "यांच्या डोणीत पाणी येऊ दे," ती म्हणाली. दगडी डोण निळ्याशार पाण्याने भरली. एक इच्छा संपली.

घरी निळोपंत चाचपडत गाठोडं बांधत होते. हौसाने वाटी त्यांच्या हाती दिली. "आजोबा, ही बघा, हिच्यात..."

"काय आहे गं? मला मेलं काही दिसत नाही. माझा चष्मा तेवढा सापडला असता तर!"

लख्खकन उजेड पडला. चष्मा सापडला. तो शेळीच्या नाकावर होता.

हौसाने तो काढून आजोबांच्या नाकावर ठेवला.

"माझं नशीब म्हणजे ना, हौसे," निळोपंत म्हणाले.

"असू दे, आजोबा. वाटी परत द्यायला हवी, दिवस कलला."

"मग रिकामी नको नेऊस. लोकांचं भांडं रिकामं परत करू नये."

डब्यात पीठ नव्हतं, गूळ नव्हता. घरात होतं फक्त ताक. हौसाने वाटीभर ताक घेतलं, चिमूटभर मीठ घातलं, वर कोथिंबिरीचं एक पान ठेवलं, आणि न सांडता बागेत नेलं.

परी वाटीत डोकावली. "हे काय?"

"ताक आहे. आमच्याकडे दुसरं काही नाही."

"आजवर कितीतरी जणांनी वाटी परत दिली," परी म्हणाली. "सगळ्यांनी रिकामी दिली." तिने घोट घेतला. मग दुसरा. मग सगळंच प्यायली आणि पांढरी मिशी पुसली. "आता पंचाईत झाली गं. आमच्याकडेही भांडं रिकामं परत देत नाहीत."

तिने जाईच्या पाकळीवरचा एक थेंब वाटीत टिपला. वाटी स्वच्छ पाण्याने भरली.

"पण तुझी जादू दुसऱ्याची मोडत नाही ना?" हौसाने विचारलं.

"ही जादू नाही. ही परतफेड आहे. जा, विहिरीत ओत."

परीभोवती गुलाबी, पिवळा, मग शुभ्र उजेड दाटला. तो विरला तेव्हा तिथे फक्त जाई होती.

हौसाने वाटी विहिरीत ओतली. सूर्य डोंगराला टेकला असताना पाटलीणबाईंनी पोहरा सोडला. पाणी आलं. ते गोड होतं. निळोपंतांनी गाठोडं सोडलं, आणि त्या रात्री हौसा स्वतःच्या घरी झोपली.