दोराची रेष

"बाई, ही फाईल कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केली की यातलं काहीच हरवणार नाही?"

निहारने विचारलं आणि बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. बाईंनी कप खाली ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या स्टुडिओत सगळ्यांना माहितीये. मी थेट खुर्चीच वळवली.

बेलसरे बाई म्हणजे... कसं सांगू यार! छपाईआधी फाईल तयार करायचं काम करणारे शुक्रवार पेठेतले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेत. प्रेसमध्ये फाईल फुटली की माणसं अजून बाईंनाच फोन लावतात. आणि निहार त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे त्याला माहितीये, तोच प्रॉब्लेम.

"काहीच म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"काहीच म्हणजे काहीच नाही. एक ठिपकासुद्धा नाही."

फाईल त्याच्या दादासाठी होती. श्रीनाथदादा. डोंगरात अडकलेल्या लोकांना सोडवायला जी टीम जाते ना, तिच्यात होता तो. कायम कड्यावर थांबून दोर धरायचा. मागच्या पावसाळ्यात एका मुलीला वर घेतलं, आणि त्याच्याच पायाखालची कड सुटली.

आता टीमची नवीन हेल्मेट आली होती. त्यावरचं चिन्ह निहारने करायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. रविवारी त्यांची आई स्वतःच्या हाताने टीमला ती हेल्मेट देणार होती.

निहारने काय जीव ओतला होता शप्पथ! दादाचा हसरा फोटो, त्यावर विरळ धुकं, मागे उगवतीचा रंग, खाली झोकदार अक्षरात 'श्रीनाथ', आणि त्याच्या हातातून खाली सोडलेला दोर.

पण हेल्मेटवर लागणार होतं रेडियम. टॉर्च पडला की चमकतं ना, ते. आणि ते कापणारं मशीन फक्त रेषा ओळखतं, निहारची फाईल घ्यायलाच तयार नव्हतं.

"बस," बाई म्हणाल्या. "ईपीएस कर."

"बाई, ते जुनाट आहे हो. त्यात पारदर्शक काही टिकतच नाही."

"कर."

त्याने केली... आणि धुकं गोठलं! विरळ धुक्याचा पांढराफटक चौकोन झाला, आणि बरोब्बर दादाच्या चेहऱ्यावर जाऊन बसला.

"बघा! म्हटलं होतं ना?"

"पुढं. डीएक्सएफ."

हा फॉरमॅट तर अजून कडक. फोटो घेत नाही, रंग घेत नाही, नुसत्या रेषा. चौकोन गेला. चेहरा गेला. उगवती गेली. नावाचा फॉन्ट सापडला नाही, तर 'श्री'चे तुकडे झाले आणि वेलांटी भलतीकडेच जाऊन पडली.

"नाव कर्व्ह केलं नव्हतंस?" बाईंनी विचारलं. म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकायचं. मग ती कुठल्याच मशीनवर फुटत नाहीत. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात.

"मुद्दाम नाही केलं. कर्व्ह केलं की मग अक्षर बदलता येत नाही."

"नाव बदलणार होतास?"

निहारने माऊस सोडून दिला.

मला राहवेना. "बाई, बास ना आता."

"ऋजू, तू चहा पी."

चहा कसला पितेय मी! बाईंनी हात पुढे केला आणि नावाचे तुकडे एकेक करून पुसले. हळू. ताटातले खडे वेचावेत तसे. उरला फक्त दोर. वरून खाली आलेली एक रेष, मध्ये थोडा बाक.

"आता मशीनला दे."

आमचं कटिंग मशीन सुरू झालं. पातं खाली आलं, सर्रकन गेलं, थांबलं. झालंसुद्धा.

लाल रेडियमचा तुकडा बाहेर आला. कोरा! मी वाकून बघितलं, काहीच नाही. स्क्रीनवर दोर चांगला जाडजूड होता, पण ती जाडी नुसती दिसण्यापुरती. मशीनने मधोमध एक चीर मारली होती, केसासारखी. रेडियम परत मिटून गेलेलं.

निहार उठलाच. "घ्या! सगळं गेलं. हेच शिकवायचं होतं ना मला? मी रविवारी आईला काय दाखवू, बाई? कोरा तुकडा?"

मागचा कागद सोलून बाईंनी रेडियम सुटं केलं. खिडकीशी गेल्या. दोन्ही कडा चिमटीत धरल्या, उन्हासमोर नेल्या, आणि हलकेच ताणल्या...

चीर उघडली.

शप्पथ सांगते! त्या लाल तुकड्यातून उजेडाचा एक दोर खाली उतरला होता. बारीक, लखलखीत. बाईंच्या पांढऱ्या साडीवरही तोच, थोडा हलणारा. जणू खालून कुणीतरी धरलाय.

मशीनचा पंखा तेवढा घुं घुं करत होता.

निहार जवळ आला. त्याने बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"बाई..."

"हं."

"पण यात दादा कुठंय?"

बाईंनी तुकडा तसाच ताणून धरला होता.

"धुक्यात खाली लटकलेल्याला, वर दोर धरणारा दिसतो का रे?"

निहारने मान हलवली... नाही.

बाईंनी रेडियम त्याच्या हातात दिलं, आपला गार झालेला कप उचलला.

"मग रेषेला खरी जाडी दे. खालच्यांना धुक्यात दिसली पाहिजे."