लाल शलाका आणि मूठभर मीठ

पूर्वी हेमवती नगरीत सुकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. 'असे का?' हे विचारल्याशिवाय तो कोणतीही गोष्ट सोडत नसे.

नदीपलीकडे वेत्रवनाचा गण होता. तिथे राजा नव्हता. लोक घड्यात शलाका, म्हणजे रंगीत काड्या, टाकून आपला प्रमुख निवडत. त्या वर्षी सुकेतूनेच आग्रह धरला होता की निवड मोकळेपणाने व्हावी. पांढऱ्या शलाकेचे जुने सरदार जिंकतील, अशी त्याची खात्री होती. घडा उपडा केला, तर बहुतेक शलाका लाल निघाल्या. लाल शलाका परशुधरांची, म्हणजे परशू घेऊन लढणाऱ्या टोळीची होती. त्यांनीच राजाचे नदीवरचे नाके जाळले होते. त्यांचा म्होरक्या कालक याने तिथल्या रक्षकाला मारले होते.

राजा संतापला. "ही निवड मी मानत नाही. घाट बंद करा. मिठाचा खडाही पलीकडे जाता कामा नये." शेजारच्या राजांनीही आपले दूत परत बोलावले आणि वाटा अडवल्या.

अमात्य म्हणाला, "महाराज, त्या लोकांनी लाल शलाका का टाकली?"

"अमात्य, तुम्ही चितेवर चढतानाही विचाराल, हे लाकूड कुठल्या झाडाचे?"

सभा हसली. अमात्यही हसला. "विचारीन, महाराज. तोवर पलीकडे जाऊन हे विचारू का?"

राजाने हात हलवून परवानगी दिली. तेवढ्यात सोमिल नावाचा तरुण पुढे झाला. मारल्या गेलेल्या रक्षकाचा तो धाकटा भाऊ. दादाच्या वहाणा अजून त्यांच्या दारात होत्या, त्या तो कोणाला हलवू देत नव्हता. "मीही येतो," तो म्हणाला. त्याची तलवार सर्वांना दिसत होती. अमात्याने त्याला अडवले नाही.

पलीकडे एक म्हातारी अळणी पेज ढवळत होती. अमात्य तिच्याजवळ बसला. "आजी, लाल शलाका का टाकलीत?"

"विहिरीसाठी. पांढरेवाले गोड बोलले आणि पाणी आपल्या शेतात नेले. या मेल्यांनी विहीर खणून दिली. परशूची भीती मलाही वाटते, बाबा. पण तहान रोजची."

"आता तरी ते परशू खाली ठेवतील?"

"कसे ठेवतील? मीठ कुठे आहे?" म्हातारी फणकारली. "नव्या प्रमुखाने ज्या घरचे माणूस मारले, त्या घरचे मीठ त्याने सभेत खायचे. मग ते घर ज्या राज्यातले, त्या राज्यावर त्याला हत्यार उगारता येत नाही, अशी आमची रीत. उगारले तर आम्हीच त्याला हाकलतो. तुमच्या राजाने घाट बंद केला आणि त्या कालकचे हात मोकळे ठेवले."

सोमिलच्या शिदोरीत विधवा वहिनीने बांधून दिलेली मिठाची पुरचुंडी होती. अमात्याने त्या पुरचुंडीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"तुम्हाला सोपे आहे," सोमिल ओरडला. "तुमचा दादा नाही गेला!"

"खरे आहे. म्हणून मी काही सांगत नाही. मीठ तुझ्या घरचे आहे."

गणाच्या सभेत नवा प्रमुख म्हणून कालक बसला होता. सोमिल त्याच्यासमोर उभा राहिला. "माझा दादा शेवटी काय म्हणाला?"

कालक म्हणाला, "पाणी मागितले."

"दिलेस?"

"नाही."

सोमिलने तलवार अर्धी उपसली. कोणी हलले नाही. मग त्याला आठवले, नाक्यावर आता दुसरा रक्षक उभा आहे, आणि त्यालाही घरी धाकटा भाऊ आहे. त्याने तलवार परत म्यानात घातली आणि पुरचुंडी सोडली.

"हात पुढे कर. मी तुला क्षमा केलेली नाही. खा."

कालकने मूठभर मीठ तोंडात टाकले. त्याचा घसा कोरडा पडला, डोळे लाल झाले. पाण्याचा तांब्या सोमिलजवळ होता. कालकने हात पसरला. सोमिल त्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने तांब्या पुढे केला.

"घे. दादाने दिले असते."

काही परशुधर रागावून रानात निघून गेले. पण परशूने पुन्हा नदी ओलांडली नाही. अमात्याने सारे सांगितल्यावर सुकेतूने घाट उघडला.

ज्याचा भाऊ दरोडेखोरांनी नुकताच मारला होता, अशा एका तरुण भिक्षूला पुढे शास्ता, म्हणजे धर्मगुरू, झालेल्या बोधिसत्त्वाने ही कथा सांगितली आणि म्हटले, "तेव्हाचा सोमिल तूच होतास. काल तुझ्या पात्रात मूकपणे भिक्षा घालून गेलेला उपासक, तो कालक होता. अमात्य मी होतो. मला फक्त विचारता आले, ती प्रज्ञा. तांब्या तू पुढे केलास; ती क्षांती, म्हणजे सोसण्याचे बळ."