हैबती मिस्त्रीची भिंत

एका शहरात माणसं आणि गाड्या इतक्या वाढल्या की रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा जमिनीखालून मेट्रो न्यायचं ठरलं. बोगदा जुन्या पेठेखालून जायचा होता आणि त्या पेठेत हैबती नावाचा एक गवंडी राहत होता.

हैबती मिस्त्रीचं काम चोख आणि बढाई त्याहून चोख. "चाळीस वर्षं भिंती बांधतोय, अजून एकीला तडा नाही," हे वाक्य तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. त्याचं राहतं घरही त्यानेच बांधलेलं. त्याची एक भिंत शेजारच्या गजराबाईंच्या घराशी सामाईक होती. गजराबाई पोळ्या लाटून विकायच्या, आणि त्यांची दोन नातवंडं त्याच भिंतीला टेकून अभ्यास करायची.

खोदकामाचं यंत्र पेठेजवळ आलं आणि त्या भिंतीवर केसाएवढी चीर दिसू लागली. मेट्रोची तरुण इंजिनिअर शलाका आली. तिने चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि शेजारी तारीख लिहिली.

"मिस्त्रीकाका, भिंत हलली तर ही काच तडकेल. काच तडकली की आम्ही खालचं यंत्र थांबवू. मी रोज सकाळी बघून जाईन."

हैबतीला हे फार लागलं. त्यात पेठेतली टवाळ मंडळी गप्प बसतात होय! "काय मिस्त्री, भिंतीचं हाड मोडलं का? पट्टी बांधलीय म्हणे!"

आठव्या दिवशी सकाळी काच मधोमध तडकली. शलाका यायला तासभर होता. हैबती नुसता गप्प बसला असता तरी तिला ती दिसली असती. पण तो पडला कारागीर, तिथेच घोटाळा झाला. त्याने काच खरवडून काढली. चीर बुजवून वर असा हात फिरवला की नखालाही सांधा लागू नये. जुन्या फोटोच्या फ्रेमची काच कापून तिथे नुसत्या चुन्यावर सैल चिकटवली, म्हणजे भिंत हलली तरी ती तडकणार नव्हती, ओल दिसू नये म्हणून चुन्याची भुकटी चोळली आणि शलाकाच्याच वळणात तीच तारीख लिहिली. दुसऱ्या कोणाला हे जमलंच नसतं. शलाका आली, काच शाबूत पाहून वहीत 'ठीक' लिहून गेली. यंत्र पुढे सरकत राहिलं.

दोन दिवसांनी गजराबाईंनी हाक मारली. "अहो मिस्त्री, माझं दार कालपासून घासतंय. कडीच बसेना. सुताराला बोलवू, का तुम्ही बघता?"

सुताराने दार पाहिलं असतं. गवंड्याने चौकट पाहिली. चौकट बोटभर तिरकी झाली होती. म्हणजे भिंत खचत होती. आणि दोन्ही पोरं त्याच भिंतीला पाठ लावून पाढे म्हणत बसली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे हैबतीला तेव्हा कळलं. खरं सांगितलं तर सगळ्या पेठेत शोभा होणार होती. त्याने पुन्हा एकदा पोरांकडे पाहिलं.

"दार राहू द्या. पोरांना घेऊन आधी बाहेर व्हा," तो म्हणाला आणि अनवाणीच मेट्रोच्या कामावर धावला. तिथे सगळ्या कामगारांसमोर त्याने शलाकाला हात जोडले. "बाई, यंत्र थांबवा! काच परवाच तडकली होती. मीच चीर बुजवून ती बदलली. तुम्ही बघताय ती काच माझ्या फोटोच्या फ्रेमची आहे."

यंत्र थांबलं. दोन्ही घरं रिकामी झाली, भिंतीला टेकू लागले, आणि खालच्या मातीत सिमेंटचं पाणी भरून ती घट्ट करण्यात आली. चार दिवस काम बंद राहिलं. पण घरं उभी राहिली आणि पोरं घरी परतली.

शलाका भिंत बघायला आली तेव्हा हैबती मान वर करीना. ती म्हणाली, "काका, तुमच्या बांधकामात खोट नव्हतीच. आमच्या खोदण्याने खालची माती सरकली. तडा आमचा होता. लपवलात तो मात्र तुम्ही."

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, आणि जिवात जीवही आला.

आता पेठेखालून मेट्रो धावते. गजराबाईंची नातवंडं तिनेच कॉलेजला जातात. हैबतीच्या भिंतीला नवा रंग लागला, पण चीर पुन्हा भरली त्या जागी सिमेंटची खडबडीत रेघ त्याने तशीच ठेवली आहे. पाहुणा आला की आधी रेघ दाखवतो, मग चहा देतो. जुनं वाक्यही त्याने बदललं आहे. "चाळीस वर्षं भिंती बांधल्या. त्यातली ही एक तडकली, बघा," असं तो हसत सांगतो.

तात्पर्य: दाखवलेला तडा चार दिवसांत भरून निघतो, झाकलेला तडा शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातो.