तिळूची बाळं आणि समुद्रावरून आलेली कुंडी

समुद्राकाठी एक अंगण होतं. अंगणात एक बीळ होतं. बिळात राहायची एक मुंगी. काळी काळी, तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळू.

एकदा काय झालं? तिळू गेली साखरेचा दाणा आणायला. तुरू तुरू, तुरू तुरू. परत आली, तर काय!

बिळात मुंग्या. पिवळ्या पिवळ्या मुंग्या. इकडे मुंग्या, तिकडे मुंग्या. सळसळ सळसळ! आणि तिळूची बाळं? इवली पांढरी बाळं बाहेर, उन्हात!

तिळूने बाळांवर एक पान ओढलं. मग म्हणाली,
"मुंग्यांनो, मुंग्यांनो, माझं बीळ द्या."

पिवळ्या मुंग्या म्हणाल्या, "आम्ही आलो नाही गं. आम्हाला आणलं! कुंडीत झोपलो होतो. उठलो, तर इथे! कुंडी उठेल, तर आम्ही जाऊ."

तिळू निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. पायरीवर होती कुंडी. कुंडीत होती लाल जास्वंद.

"कुंडीताई, कुंडीताई,
मुंग्या काही जाईनात,
बाळं माझी उन्हात!
ऊठ ना गं!"

कुंडी म्हणाली, "मला कुठे पाय आहेत? टेम्पोच्या पाठीवर बसून आले मी. टेम्पो धावेल, तर मी उठेन."

"टेम्पोच्या पाठीवर? बापरे!" तिळू म्हणाली. आणि निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. फाटकापाशी होता टेम्पो.

"टेम्पोदादा, टेम्पोदादा,
कुंडी काही उठेना,
मुंग्या काही जाईनात,
बाळं माझी उन्हात!
धाव ना रे!"

टेम्पो म्हणाला, "घर्र घर्र! मी धावेन किनाऱ्यापर्यंत. पुढे तर पाणीच पाणी! कुंडी आली होडीतून. होडी पाण्यात उतरेल, तर मी धावेन."

तिळू निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. वाळू लागली. वाळूवर होती होडी. तिळू होडीवर चढली. वर, वर, अगदी टोकावर. आणि समोर बघितलं.

समुद्र!

निळा निळा. मोठा मोठा. संपेच ना! धो धो, धो धो!

तिळूचे पाय थांबले. "या पिवळ्या मुंग्या एवढ्या पाण्यावरून आल्या?" तिने हळूच विचारलं.

"हो," होडी म्हणाली. "पलीकडच्या बेटावरून. कुंडीत बसून, माझ्या पोटात."

"एवढ्याशा मुंग्या! आणि एवढा समुद्र!" तिळू बघतच राहिली. मग तिला बाळं आठवली.

"होडीमावशी, होडीमावशी,
टेम्पो काही धावेना,
कुंडी काही उठेना,
मुंग्या काही जाईनात,
बाळं माझी उन्हात!
पाण्यात उतर ना गं!"

होडी म्हणाली, "धाकूमामा ढकलेल, तर मी उतरेन."

धाकूमामा म्हणजे नावाडी. बसला होता जाळं विणत. तिळू त्याच्या गुडघ्यावर चढली.

"धाकूमामा, धाकूमामा,
होडी पाण्यात उतरेना,
टेम्पो काही धावेना,
कुंडी काही उठेना,
मुंग्या काही जाईनात,
बाळं माझी उन्हात!
होडी ढकल ना रे!"

धाकूमामा म्हणाला, "अगं पोरी, कुंडी आहे येसूआत्याची. तिनेच मागवली, मी आणून दिली. आत मुंग्या आहेत, हे कुणाला ठाऊक? येसूआत्या सांगेल, तर मी ढकलेन."

तिळू मागे फिरली. तुरू तुरू तुरू तुरू! वाळू गेली. फाटक गेलं. पायरी आली. पायरीवर येसूआत्या. जास्वंदीला पाणी घालत होती. बघत होती वर, फुलाकडे.

तिळू ओरडली, "येसूआत्या, खाली बघ!"

येसूआत्याने खाली बघितलं. चष्मा लावला. आणखी वाकली. "अगं बाई, मुंगी! काय झालं गं?"

"येसूआत्या, येसूआत्या,
धाकूमामा ढकलेना,
होडी पाण्यात उतरेना,
टेम्पो काही धावेना,
कुंडी काही उठेना,
मुंग्या काही जाईनात,
बाळं माझी उन्हात!
सांग ना गं!"

येसूआत्याने कुंडीत बघितलं. मातीत मुंग्या. कुंडीखाली मुंग्या. बिळापर्यंत मुंग्याच मुंग्या! सळसळ सळसळ!

"एवढ्या सगळ्या? माझ्या कुंडीतून आल्या?" तिचे डोळे मोठ्ठे झाले. "आणि मला दिसल्याच नाहीत!"

मग तिने फुलाकडे बघितलं. लाल लाल फूल. आजच उमललेलं. येसूआत्या बिळापाशी जाऊन बसली.

मग तिने पान उचललं. पानाखाली बाळं. इवली, पांढरी. एक बाळ जरासं हललं.

येसूआत्या उठली. हाक मारली, "धाकूदादा! कुंडी बेटावर न्यायची रे!"

मग काय!

येसूआत्या बोलली.
धाकूमामाने ढकलली.
होडी पाण्यात उतरली, डुबुक!
टेम्पो धावत पायरीशी आला, घर्र घर्र!
कुंडी उठायला तयार झाली.

"मुंग्यांनो, चला घरी!" तिळू म्हणाली.

आणि बिळातून रांग निघाली. पिवळी पिवळी रांग. मधोमध मुंग्यांची राणी. तोंडात अंडी, पाठीवर ऊन. रांग आली, रांग आली, संपेच ना! सगळे नुसते बघत राहिले.

शेवटची मुंगी कुंडीत चढली. तिथून म्हणाली, "येते हं, तिळू!"

कुंडी टेम्पोत. टेम्पो किनाऱ्यावर. कुंडी होडीत. होडी निघाली. लहान झाली. आणखी लहान झाली. टिंबाएवढी झाली. मग नुसता समुद्र राहिला.

आणि तिळू? तिळूने एक बाळ उचललं. बिळात नेलं. दुसरं उचललं. बिळात नेलं. सगळी बाळं नेली. गार गार मातीत निजवली.

तिळू गेली बिळात,
गोष्ट गेली कानात,
आता डोळे मिटा!